प्रमोशन नाकारलं म्हणून मास्तरकी सोडली आणि कुंडलच्या माळावर शेतकऱ्यांच्या पोरांना यंत्र शिकवलं

पुण्याहून कोल्हापूरला रेल्वेने गेला असाल तर कराड सोडल्यावर, सांगली यायच्या आधी एक स्टेशन लागतं. किर्लोस्करवाडी.

एका कारखानदाराच्या आडनावावरून रेल्वे स्टेशन, हे काही रोज बघायला मिळत नाही. त्यात हे स्टेशन आधीपासून होतं आणि त्याचं नाव होतं कुंडल रोड. आजूबाजूला निवडुंग, दगड आणि साप. तिथं एक माणूस आला, त्याने कारखाना काढला, गाव वसवलं आणि पुढे स्टेशनचंच नाव बदललं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर.

उद्योगपती म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. लोखंडी नांगर, पंप, इंजिन हे शाळेच्या पुस्तकातही असतं. पण त्यांची अजून एक ओळख आहे आणि ती जरा मागे पडली. हा माणूस मुळात मास्तर होता. परदेशातलं यंत्रज्ञान समजून घ्यायचं आणि ज्याने आयुष्यात स्क्रू पिळला नाही अशा पोराच्या हातात ते उतरवायचं, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं.

आज स्किल डेव्हलपमेंट, अप्रेंटिसशिप, जर्मनीशी करार अशा बातम्या आपण रोज वाचतो. म्हणून हा सगळा विषय नीट समजून घेऊ.

चित्रकार व्हायचं होतं, पण रंगच दिसेनात

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. घरातलं वातावरण पोथ्या-पुराणांचं, पण पोराचा जीव चित्रात आणि यंत्रात.

शाळेच्या अभ्यासात काही मन रमलं नाही. शेवटी १८८५ मध्ये मुंबई गाठली आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. तिथं वेगळीच अडचण निघाली. त्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नव्हता. म्हणजे अंशतः रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला निघालेल्या माणसाला याच्यापेक्षा मोठा धक्का कुठला?

पण रेषा पक्की होती. त्यांनी रंगाचा नाद सोडला आणि मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं. यंत्राचा भाग कागदावर असा काढायचा की तो पाहून कारागिराला वस्तू बनवता आली पाहिजे, असं हे काम. त्याच जोरावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी लागली. आजची व्हीजेटीआय.

ही संस्था १८८७ ची, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून काढलेली. मुंबईत कापड गिरण्या वाढत होत्या आणि त्यांना यंत्र समजणारी माणसं हवी होती. अभ्यासक्रमाचा साचा विलायती, पुस्तकं विलायती, यंत्रंही विलायती.

लक्ष्मणरावांनी इथं एक गोष्ट हुशारीने केली. वर्गात ड्रॉइंग शिकवायचं आणि उरलेल्या वेळात वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रावर हात चालवायचा. जे फळ्यावर काढतो ते लोखंडात उतरतं का, हे स्वतः करून बघायचं. जोडीला परदेशी तांत्रिक पुस्तकं, मासिकं आणि कंपन्यांचे कॅटलॉग वाचायचे. बोटीने आलेली ही छापील पानं हेच त्यांचं दुसरं कॉलेज.

मग प्रमोशनचा विषय आला

काही वर्षांनी वरची जागा रिकामी झाली. अनुभव होता, कामाची माहिती होती, त्यामुळे ती लक्ष्मणरावांना मिळेल असं वाटत होतं. मिळाली एका अँग्लो इंडियन माणसाला.

भारतीयाने सहाय्यक म्हणून शिकवावं, पण त्याने वर जाऊ नये, असा तो काळ. ज्ञान विलायतेतून येत होतं, पण ते देणारा वर आणि घेणारा खाली हे आधीच ठरलेलं.

लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि १८९० च्या दशकाच्या अखेरीस ते बेळगावला परतले.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा होते. दोघांनी १८८८ पासूनच सायकलींचा धंदा सुरू केला होता. सायकल तेव्हा परदेशातून यायची, महाग असायची आणि मुख्य म्हणजे ती चालवायची कशी हे कुणाला माहीत नव्हतं. त्यामुळे किर्लोस्कर बंधू सायकल विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे.

बाहेरून आलेलं यंत्र नुसतं विकून भागत नाही, ते वापरायला शिकवावं लागतं. हा धडा बेळगावच्या रस्त्यावर मिळाला. पुढचं सगळं त्याच धड्यावर उभं राहिलं.

लोखंडाचा नांगर आणि दोन वर्षांची वाट

सायकलीतून थोडे पैसे आले. मग छोटा वर्कशॉप निघाला. पहिलं यंत्र जनावरांच्या वैरणीसाठी, कडबा कापायचं. दुसरं लोखंडी नांगर.

त्या वेळी आपल्याकडे लाकडी नांगर. तो जमीन उकरतो, पण माती पालटत नाही. हराळीच्या मुळ्या आत तशाच राहतात. लोखंडी नांगराला फाळाच्या वर वळणदार पत्रा असतो. माती त्याच्यावर चढते आणि उलटी होऊन बाजूला पडते. तण खाली गाडलं जातं, खालची माती वर येते. यूरोप-अमेरिकेत हे सरसकट चालू होतं आणि परदेशी नांगर आपल्या बाजारातही यायला लागले होते.

लक्ष्मणरावांनी नांगर बनवला खरा, पण कुणी घेईना. लोखंडामुळे जमिनीला विष बाधतं, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. पहिले नांगर दोन वर्षं पडून राहिले.

शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण ज्याचं पोट जमिनीवर आहे तो नव्या वस्तूला घाबरणारच. नांगर प्रत्यक्ष रानात चालला, त्या रानातलं पीक शेजाऱ्याने बघितलं, तेव्हा कुठं गिऱ्हाईक वळलं. एकदा वळल्यावर मात्र मागणी थांबली नाही.

इथं एक तांत्रिक मुद्दा लक्षात घ्या. परदेशी नांगर विकत घेतला आणि त्याचा फाळ मोडला तर तो भाग आणायचा कुठून? गावातला लोहार लाकडी नांगराचा फाळ शेवटायचा, त्याला हे ओतीव लोखंड नवं होतं. म्हणजे नांगर खपवायचा असेल तर प्रत्येक सुटा भाग मापात एकसारखा हवा, म्हणजे जुना काढून नवा बसवता येईल. आणि एकसारखं माप काढायचं तर मापाने काम करणारे हात हवेत.

हे हात तयार कुठं मिळणार? ते घडवावेच लागणार होते.

औंधच्या राजाने माळ दिला

धंदा जरा रांगेला लागला तोच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितलं. शहराच्या वाढीसाठी ती जमीन हवी होती. कारखाना उचलून न्यायचा कुठं, हा प्रश्न उभा राहिला.

तेव्हा मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचा प्रचार करणारे, आणि लक्ष्मणरावांचे स्नेही. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. पण या संस्थानाचे तुकडे विखुरलेले होते आणि कुंडलचा भाग त्यांच्याच ताब्यात होता, तो आज सांगली जिल्ह्यात येतो. राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये उसने दिले.

मार्च १९१० मध्ये काम सुरू झालं. पाणी नाही, सावली नाही, माणूस नाही. एकच सोय होती, रेल्वे. कच्चं लोखंड आणि कोळसा येणार रेल्वेने, नांगर जाणार रेल्वेने.

शाळेत नापास, कारखान्यात पास

आता सगळ्यात भारी भाग.

या माळावर इंजिनिअर कोण येणार? लक्ष्मणरावांनी डिग्रीवाल्यांची वाट बघितली नाही. जो येईल त्याचा कल बघायचा आणि त्याला कामाला लावायचं.

शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथं आले आणि डोकेबाज इंजिनिअर म्हणून पुढे आले. के. के. कुलकर्णी हे परीक्षेत नापास झालेले. ते खजिनदार झाले, व्यवस्थापक झाले आणि कुठलीही अडचण आली की निस्तरणारे झाले. शंभूराव जांभेकर यंत्रांचं बघायचे, मंगेशराव रेगे हिशेब आणि कचेरी सांभाळायचे, रामूअण्णांनी गावाची आखणी बघितली.

आणि गावाची राखण? ती होती तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेले. ज्यांच्यावर जगाने शिक्का मारला त्यांच्या हातात लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या किल्ल्या दिल्या. गावात अस्पृश्यता पाळायची नाही हाही नियम होता. १९१० च्या आसपास हे करणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

बाकीचे कामगार आजूबाजूच्या गावांतले. काल औत धरणारा आज भट्टीपुढे.

ओतकाम शिकायचं म्हणजे काय असतं ते बघा. आधी लाकडाचा नमुना. तो रेतीत दाबून साचा करायचा. रेतीत ओल जास्त झाली तर वितळलेलं लोखंड ओतताना वाफ होते आणि भागात भोकं पडतात. ओल कमी झाली तर साचा ढासळतो. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना मूळ मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो. मग कडा घासायच्या, भोकं पाडायची, माप तपासायचं, जोडणी करायची.

यातलं किती पुस्तकातून येईल? रेतीची ओल मुठीत दाबूनच कळते. त्यासाठी शेजारी जाणता माणूस उभा लागतो, आणि काम बिघडवायची मुभा लागते. लक्ष्मणरावांचं व्हीजेटीआयमधलं तंत्र इथं कामाला आलं. नकाशा कसा वाचायचा हे मास्तराला येत होतं आणि यंत्र कसं चालवायचं हेही त्याच मास्तराला येत होतं.

शिवाय इथं शिकताना केलेला भाग खरोखर कुणाच्या तरी रानात जाणार होता. चुकीचं माप म्हणजे शेतकऱ्याची तक्रार. याच्यापेक्षा कडक परीक्षा कुठली?

महायुद्धात जग बंद झालं

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध लागलं आणि परदेशी माल येणं आटलं. लोखंड मिळेना, कोळसा मिळेना, रंगसुद्धा मिळेना.

नुसती नक्कल शिकलेला कारखाना अशा वेळी बंद पडतो. किर्लोस्करवाडीत मात्र पर्याय शोधायचं काम सुरू झालं. कोळसा नाही तर लाकूड वापरून बघा. रंग नाही तर इथंच तयार करा. आणि लोखंडासाठी थेट कोल्हापूर दरबार. तिथून जुन्या तोफा मिळाल्या, त्या भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

बाहेर परदेशी नांगरांची आवक थांबली होती, त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. ज्यांनी यंत्रामागचं तत्त्व समजून घेतलं होतं, ते टिकले आणि वाढलेही.

युद्ध संपल्यावर लक्ष्मणरावांनी परदेशाकडे पाठ फिरवली नाही, हे इथलं महत्त्वाचं. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. १९२२ मध्ये मुलगा शंतनू अमेरिकेला एमआयटीत शिकायला गेला आणि १९२६ मध्ये इंजिनिअर होऊन परतला. तो बाहेरचं शिकून आला आणि कुंडलच्या माळावर कामाला लागला. भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, उसाचा चरक, पंप, इंजिनं अशी यादी वाढत गेली.

पुढे १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनाचा कारखाना निघाला, तेव्हा ब्रिटिश कंपन्यांशी तांत्रिक करार झाला. ज्या माणसाला गोऱ्यांच्या संस्थेत वरची जागा नाकारली गेली होती, त्याचं घराणं आता ब्रिटिशांसमोर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून करार करत होतं.

नांगर विकणाऱ्याने शाळा काढल्या

किर्लोस्करांचे नांगर विकायला जी माणसं गावोगाव फिरली, त्यात एक नाव होतं भाऊराव पाटील. होय, तेच कर्मवीर.

१९१९ मध्ये त्यांनी कराड तालुक्यातल्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या नांगराच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. रयतच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, शेतात काम करायची आणि शिकायची. कमवा आणि शिका.

आता भाऊरावांना ही कल्पना नांगर विकताना सुचली असं म्हणणं ओढूनताणून होईल. त्यांच्या विचाराची मुळं सत्यशोधक चळवळीत आणि शाहू महाराजांच्या कामात आहेत. पण एवढं खरं की सातारा-सांगलीच्या याच पट्ट्यात, एकाच काळात, हाताला काम आणि डोक्याला शिक्षण एकत्र देणारे दोन मोठे प्रयोग चालले होते. एक कारखान्यात, एक वसतिगृहात.

सरकारला हे कधी सुचलं?

इंग्लंडहून अ‍ॅबट आणि वुड हे दोन तज्ज्ञ भारतात आले. त्यांनी १९३७ मध्ये व्यवसाय शिक्षणावर अहवाल दिला. सर्वसाधारण शाळांना समांतर अशा व्यवसाय शिक्षणाच्या शाळा काढा, असा त्याचा सूर. त्याच वर्षी वर्ध्यात गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला, ज्यात हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा होता.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षणाची योजना आली आणि त्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. कारखान्यांनी शिकाऊ उमेदवार घ्यावेत यासाठीचा अप्रेंटिस कायदा आला १९६१ मध्ये.

लक्ष्मणराव तो कायदा बघायला नव्हते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, पोस्टाने त्यांच्यावर तिकीट काढलं.

मग आज याचं काय?

व्यवसाय शिक्षणात जर्मनीचं नाव घेतात ते तिथल्या दुहेरी पद्धतीमुळे. पोरगं आठवड्यातले काही दिवस कारखान्यात शिकतं आणि काही दिवस शाळेत. कारखान्याशी लेखी करार असतो, पगार मिळतो आणि परीक्षा उद्योगांचं मंडळ घेतं. त्यामुळे कारखान्यात काय चाललंय आणि वर्गात काय शिकवतात यात फार अंतर पडत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला. इथल्या तरुणांना जर्मन भाषा शिकवायची आणि कुशल मनुष्यबळ तिकडं पाठवायचं. पलूस, कडेगाव, विटा, कोरेगावच्या एखाद्या वेल्डरला किंवा नर्सला याने मोठी संधी मिळू शकते, यात वाद नाही.

पण लक्ष्मणरावांची गोष्ट समोर ठेवली की तीन प्रश्न विचारावे लागतात.

एक, करारातून फक्त माणसं बाहेर जाणार, की शिकवायची पद्धतही आत येणार? लक्ष्मणरावांनी बाहेरून ज्ञान आणलं ते इथल्या हातात उतरवण्यासाठी.

दोन, शिकवणाऱ्याचं काय? परदेशी यंत्र आणि परदेशी अभ्यासक्रम आणता येतो. पण आयटीआयच्या निदेशकाने ते यंत्र स्वतः चालवलेलं नसेल तर पोरांच्या हातात काय येणार? करारात सगळ्यात आधी निदेशकांना कारखान्यात पाठवायची सोय हवी.

तीन, आपण या पोरांकडे कसं बघतो? दहावीत मार्क कमी पडले की आयटीआय, हे अजूनही घराघरात बोललं जातं. फळणीकर आणि कुलकर्णी यांना कुणीतरी उरलेले म्हणून बघितलं असतं तर किर्लोस्करवाडी उभी राहिली नसती.

आणि या सगळ्याच्या खाली बरोबरीचा मुद्दा आहे. मुंबईच्या त्या संस्थेत लक्ष्मणरावांना शिकायला मिळालं, पण मान मिळाला नाही. उद्या आपलं पोरगं जर्मनीत गेलं तर त्याला तिथल्या कामगाराइतका पगार, तेवढेच हक्क आणि वर चढायची तीच संधी मिळणार का, हे करारात स्पष्ट लिहिलेलं हवं.

पुढच्या वेळी त्या रेल्वेने गेलात तर कराड सुटल्यावर खिडकीशी बसा. किर्लोस्करवाडीची पाटी येईल. बरोबर एखादं दहावी झालेलं पोरगं असेल आणि पुढं काय करायचं म्हणून घरात वाद चालू असेल, तर त्याला ही पाटी दाखवा. चित्रकार होता आलं नाही म्हणून यंत्राकडे वळलेल्या मास्तराची आणि शाळेतून बाहेर पडलेल्या त्याच्या शिष्यांची गोष्ट सांगा.